वायरलेसवरचं ‘अल्फा-ब्राव्हो’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला लोकमान्य नगरात रविवारी सकाळी आमचा हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेस चालवणाऱ्यांचा, नवशिक्यांचा वर्ग भरतो. शिकणारे बहुतेक मराठी घरांतले, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, आणि बोलणं तिन्ही भाषांची मिसळ. वर्ग संपल्यावर पोहे येईपर्यंत आणि पुढे आठवडाभर व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, नडणारे नंतर. एकाच गोष्टीचा दोनदा काथ्याकूट नको म्हणून जागोजागी ‘अमुक प्रश्न पाहा’ असं लिहिलं आहे.

१. ‘अल्फा-ब्राव्हो’ म्हणजे नेमकं काय?

इंग्रजी वर्णमालेतल्या २६ अक्षरांना दिलेली २६ ठरलेली नावं. ए सांगायचं असेल तर ‘अल्फा’, बी सांगायचं असेल तर ‘ब्राव्हो’. बी, डी, पी, टी ही अक्षरांची मूळ नावं एवढीएवढीशी असतात. खरखरीत सुरुवातीचं व्यंजन गेलं की सगळ्यांचा एकच ‘ई’ उरतो. शब्द लांब असला की थोडा तुटला तरी ओळखू येतो. नुसतं ‘...व्हो’ कानावर पडलं तरी ते ब्राव्होच, कारण यादीत ‘व्हो’ने संपणारा दुसरा शब्द नाही.

म्हणजे खरी करामत शब्दांची नाही. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तीच यादी आधीपासून पाठ आहे, यात ती आहे. ऐकणारा जगातल्या सगळ्या शब्दांतून शोधत नाही, २६ मधून एक उचलतो. खालची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर येऊन थांबतात.

२. पूर्ण यादी उच्चारांसकट द्या ना.

अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, होटेल, इंडिया, जुलिएट, किलो, लीमा, माईक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, केबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू.

आपल्याकडे चुकतात ते ठरावीक शब्द. ‘इको’ नाही, ‘एको’. ‘क्वीबेक’ किंवा ‘क्यूबेक’ नाही, ‘केबेक’, आणि जोर ‘बेक’वर. ‘पापा’मध्ये जोर दुसऱ्या ‘पा’वर, आपण लहानपणापासून पहिल्यावर देत आलोय, त्यामुळे ही सवय उशिरा सुटते. होटेलमध्येही जोर ‘टेल’वर. झेडला ‘झेब्रा’ म्हणणारा प्रत्येक तुकडीत एक तरी निघतो. झेब्रा शाळेच्या भिंतीवर ठीक आहे, सेटवर झुलू.

लिहिताना अल्फाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पीएच नसतं, एफ असतं, आणि जुलिएटच्या शेवटी दोन टी असतात. ती छपाईची चूक नव्हे. पीएचचा उच्चार फ होतो हे प्रत्येक भाषकाला माहीत नसतं, आणि शेवटचा एकटा टी फ्रेंच वाचणारा गिळून टाकेल.

३. फोनवर ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणून काम भागतं. मग हे पाठ कशाला करायचं?

फोनवर भागतं, कारण तिथे आवाज स्वच्छ असतो, दोघं एकाच वेळी बोलू शकतात आणि समोरचा मध्येच ‘काय काय?’ म्हणू शकतो. वॉकीटॉकीवर बटण दाबलं की तुमचं ऐकणं बंद. समोरच्याचं चुकतंय हे तुम्हाला तो पुन्हा बोलेपर्यंत कळत नाही.

दुसरं म्हणजे घरगुती शब्द ज्याचे त्याचे असतात. एकाचा पी पुण्याचा, दुसऱ्याचा पाटण्याचा, तिसरा ऐनवेळी ‘पी फॉर... पी फॉर...’ म्हणत अडकतो आणि चॅनेल अडवून बसतो. आमच्या वर्गात एका काकांनी एनसाठी ‘नाशिक’ आणि एमसाठी ‘मालेगाव’ घेतलं होतं. शब्द वाईट नव्हते. ऐकणारा मात्र जबलपूरचा होता आणि त्याने मालेगावच्या जागी ‘नालेगाव’ ऐकून एन लिहिला.

४. पण अक्षर एवढं स्पष्ट म्हटलं तरी पलीकडे वेगळंच का ऐकू जातं?

हँडसेट माणसाचा पूर्ण आवाज पाठवत नाही. साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, फ, श यांचा ‘स्स्’, ‘फ्फ्’ असा वाऱ्यासारखा भाग बराचसा त्याच्या वर असतो, तो कापला जातो. म्हणून एफ आणि एस हे ‘एफ्’ आणि ‘एस्’ न राहता दोन्ही नुसते ‘ए...’ होतात. एम आणि एन यांतही फरक करणारा भाग फार नाजूक. स्वर दणकट असतात, व्यंजनं आधी मरतात.

त्यात आपल्या चुका: माईक तोंडाला टेकवणं, बटण दाबण्याआधीच बोलायला लागणं. बटण दाबून मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. माईक तोंडापासून दोन-तीन इंच आणि थोडा तिरका, म्हणजे ‘पापा’ म्हणताना फुंकर थेट त्यावर बसत नाही.

५. ही यादी कुणी ठरवली? ‘नाटो’ची म्हणतात ते खरं का?

नाटो वापरतं, पण घडवली ती नागरी विमानवाहतुकीसाठी. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, मॉन्ट्रियलला आहे. तिने माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ जाँ-पॉल व्हिने यांना हे काम दिलं. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत वावरणारे हवेत, कुठल्याही देशाच्या वैमानिकाला उच्चारता यावेत, रेडिओवर टिकावेत आणि त्यांचा कुठे वाईट अर्थ निघू नये, अशा अटी होत्या. पहिली यादी १९५१ मध्ये वापरात आली. त्यात सीला ‘कोका’, एमला ‘मेट्रो’, एनला ‘नेक्टर’, यूला ‘युनियन’ आणि एक्सला ‘एक्स्ट्रा’ होतं. प्रत्यक्ष वापरात हे पाच शब्द घोळ घालायला लागले, ते बदलले, आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. तेव्हापासून एकही शब्द बदललेला नाही.

त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्यं ‘एबल, बेकर, चार्ली, डॉग’ म्हणायची. त्याच्याही आधी पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सिग्नलवाले एला ‘ॲक’ आणि एमला ‘एमा’ म्हणत. विमानविरोधी तोफांना ‘ॲक-ॲक’ म्हणतात ते तिथूनच आलं.

‘फोनेटिक’ हे नाव मात्र थोडं फसवं आहे. यात उच्चारशास्त्र नाही, फक्त स्पेलिंग सांगायची सोय आहे. पण सगळे म्हणतात, आम्हीही म्हणतो.

६. आकडे कसे सांगायचे? ‘नाईनर’ हे खरंच म्हणायचं की सिनेमातलं आहे?

खरंच म्हणायचं. फाईव्ह आणि नाईन यांचा स्वर एकच आहे, आणि व्यंजनं आधी मरतात हे वर (प्रश्न ४) आलंच. म्हणून ९ ला ‘नाईनर’ आणि ५ ला ‘फाईफ’. ३ ला ‘ट्री’ आणि ४ ला ‘फोवर’ असेही अधिकृत उच्चार आहेत. ते आपल्याकडे कुणी फार पाळत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. नाईनर मात्र सोडू नका.

शून्य म्हणजे ‘झीरो’. ‘ओ’ कधीच नाही, कारण ओ हे अक्षर आहे आणि त्याला ऑस्कर आहे. आकडे एकेक सांगा: पन्नास म्हणजे ‘फाईव्ह झीरो’, पंधरा म्हणजे ‘वन फाईव्ह’. फिफ्टीन आणि फिफ्टी यांनी आजवर किती गोंधळ घातले असतील! ‘डबल फाईव्ह’, ‘ट्रिपल टू’ ही फोनवरची सवय इथे सोडायची. पहिला शब्द तुटला की ट्रिपल टूचा नुसता टू होतो.

सागरी संपर्कासाठी ‘उनावन, बिसोटू, टेराथ्री’ अशी आकड्यांची आणखी एक लांबलचक मालिका आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. माळव्यात तिची गरज पडत नाही.

७. आम्ही आपसांत मराठीतच बोलतो. आकडे मराठीत सांगितले तर?

दोघंही मराठी असतील तर सांगा, पण तेही एकेकच. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत ऐकणारा ‘एकोण’वर अडकतो आणि पुढचं निसटतं. त्रेसष्ट-त्र्याहत्तर ही तशीच जोडी. ‘सहा नऊ’ म्हटलं की प्रश्न मिटला.

एकेकातही एक सापळा आहे: सात आणि आठ. सातचा ‘स’ गेला की ‘आत’ उरतं आणि पलीकडचा माणूस आठ लिहितो. इंदूरमध्ये त्यावर कडी म्हणजे हिंदीतला ‘साठ’. मराठी माणसाने सात म्हणावं, हिंदीवाल्याने साठ ऐकावं, आणि दोघांनाही आपलं बरोबर वाटावं. म्हणून मिश्र गटात आकडे इंग्रजीतूनच ठेवतो, बाकी बोलणं कुठल्याही भाषेत असू दे.

८. व्ही, बी आणि डब्ल्यू यांचा घोळ आमच्याकडे फार होतो. उपाय?

हा खास इथला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपण व्ही म्हणतो, हिंदी बोलणारे ‘वी’ म्हणतात, आणि माळव्यात व-ब ची अदलाबदल जुनीच: वीस आणि बीस शेजारीच राहतात. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (चित्ररथांच्या) मिरवणुकीत मी एका मंडळाच्या स्वयंसेवकांबरोबर होतो. राजवाड्याच्या अलीकडच्या गल्लीत एक पांढरी गाडी अशी लावलेली, की ॲम्ब्युलन्सची वाट अडली. कोपऱ्यावरच्या पोराने सेटवरून नंबर दिला. मालिकेची अक्षरं सी आणि व्ही होती, त्याने ‘सी वी’ म्हटलं. ढोल-ताशात मी ‘सी बी’ लिहिलं आणि मंचावरून तोच नंबर पुकारायला लावला. दहा मिनिटं कुणीच येईना. मग मीच गर्दीतून वाट काढत गल्लीत गेलो आणि पाटी डोळ्यांनी वाचली. त्या पोराला ‘चार्ली व्हिक्टर’ येत होतं, मीच शिकवलं होतं. घाईत त्याने म्हटलं नाही आणि मी ‘स्पेलिंग दे’ म्हणून विचारलं नाही. चूक निम्मी-निम्मी.

आता डब्ल्यू. मराठीत व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना ‘व’ एकच. वाघ, वागळे, वैद्य यांची इंग्रजी स्पेलिंगं घराघरात वेगळी. एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ, एकाचा आधार व्हीने आणि दुसऱ्याचा डब्ल्यूने, असंही पाहिलंय. म्हणून नाव सांगताना पहिलं अक्षर ‘व’ असेल तर न विचारता स्पेलिंग द्या: ‘वाघ, स्पेलिंग देतो, व्हिस्की अल्फा गोल्फ होटेल.’ व्हिक्टर आणि व्हिस्की दोन्ही ‘व्हि’ने सुरू होतात, तेव्हा शेवट खाऊ नका: ‘टर’ आणि ‘स्की’ पूर्ण म्हणा.

९. म्हणजे प्रत्येक शब्द असा फोडून सांगायचा का?

नाही, मुळीच नाही. नवशिक्यांची ही ठरलेली हौस. ‘मी राजवाड्यावर पोचलो’ हे सरळ म्हणा; राजवाडा स्पेल केलात तर ऐकणाऱ्याचा जीव जाईल. स्पेलिंग फक्त तिथे, जिथे चुकलं तर नुकसान आहे आणि संदर्भावरून दुरुस्त होणार नाही: गाडीचे नंबर, कॉल साईन (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं ओळखनाव), आडनावं, औषधांची नावं, अनोळखी गावं.

पद्धत अशी: शब्द एकदा सरळ म्हणा, मग ‘आय स्पेल’ किंवा ‘स्पेलिंग देतो’ म्हणा, मग अक्षरं, मग शब्द पुन्हा एकदा. वेग ऐकणाऱ्याच्या पेनाचा ठेवा, तुमच्या जिभेचा नको. स्वतः हवेत बोट फिरवत लिहीत बोललात की वेग आपोआप बसतो. वर्गात सगळे हसतात, पण मी अजूनही तसंच करतो.

१०. ‘रॉजर’ यादीत नाही, मग तो कुठून आला? आणि ‘ओव्हर अँड आऊट’?

जुन्या ‘एबल-बेकर’ यादीत आरला ‘रॉजर’ होतं, आणि आर म्हणजे रिसीव्ह्ड, निरोप मिळाला. १९५१ च्या यादीत आरचा रोमिओ झाला, पण रॉजर जागचा हलला नाही. त्याचा अर्थ एवढाच: पूर्ण ऐकलं. ‘हो’ असा नाही आणि ‘करतो’ असाही नाही. करतो म्हणायचं असेल तर ‘विल्को’.

ओव्हर म्हणजे माझं झालं, तू बोल. आऊट म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकत्र म्हणजे ‘तू बोल, पण मी ऐकणार नाही’. सिनेमावाल्यांना माफ करा, तुम्ही म्हणू नका.

११. आमच्या मुलांना ‘क कमळाचा’ येतं. देवनागरीसाठी अशी यादी का वापरू नये?

वापरता येईल, पण मर्यादा समजून. देवनागरीत व्यंजनं, स्वर, मात्रा, जोडाक्षरं धरली तर २६ ठरलेल्या खुंट्यांवर काम भागत नाही. शिवाय पाठ्यपुस्तकं वेगळी, त्यामुळे एकाचा ग गणपतीचा, दुसऱ्याचा गवताचा. हिंदी शाळेतल्या मुलाचा तर ‘ग से गमला’. प्रश्न १ मधली अट, दोघांना तीच यादी पाठ असणं, इथेच मोडते.

तरी एक जागा आहे जिथे इंग्रजी अक्षरं हात टेकतात. न-ण, ल-ळ आणि श-ष यांतला फरक इंग्रजी स्पेलिंगमधून कळत नाही. देवनागरीत यादी किंवा पाटी लिहून घेताना आम्ही एवढ्यापुरते शब्द ठरवले आहेत: बाणातला ण, बाळातला ळ, शहाळ्यातला श, षटकोनातला ष. ‘पोटफोड्या ष’ म्हटलं तरी मराठी माणसाला लगेच कळतं. हिंदीभाषक सहकाऱ्याला ळ सांगण्यात अर्थ नाही, तो ल लिहितो आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबर असतं.

१२. हॅमवाले कधी ‘जर्मनी’, ‘होनोलुलू’, ‘झांझिबार’ म्हणताना ऐकू येतात. ते चूक का?

शॉर्टवेव्हवर लांबच्या देशांशी बोलताना देशांची आणि शहरांची ही समांतर यादी बरीच चालते: अमेरिका, बॉस्टन, कॅनडा, जर्मनी, लंडन, मेक्सिको, सांतियागो, योकोहामा. सिग्नल खोल जात-येत असेल तेव्हा ‘गोल्फ’सारखा आखूड शब्द पूर्णच बुडतो, ‘ग्वाटेमाला’चा एखादा तुकडा तरी वर राहतो. अनुभवी ऑपरेटर आधी ठरलेली यादी वापरतो आणि समोरच्याला तेच अक्षर तीनदा कळलं नाही, तर शब्द बदलून पाहतो. पहिल्यापासूनच मिसळ करू नका.

१३. हा गुप्त कोड आहे का? पोलिसांची भाषा कळेल का?

उलट आहे. हे सगळ्यांना कळावं म्हणूनच बनवलंय. हॅम रेडिओवर अर्थ लपवणारे संकेत वापरायला मनाई आहे, आणि अल्फा-ब्राव्हो त्यात येत नाही. दुसऱ्यांचं संभाषण चोरून ऐकण्याबद्दलचे प्रश्न इथे घेत नाही.

१४. बँकेच्या किंवा तिकिटाच्या फोनवर ‘सिएरा’ म्हटलं, तर बाईंनी सी लिहिला! असं का?

कारण त्यांना यादी पाठ नव्हती. ज्याला यादी ठाऊक नाही तो शब्दाचा पहिला आवाज लिहितो. सिएरा ऐकून सी, केबेक ऐकून के, जुलिएट ऐकून कधी जी. यँकी म्हटल्यावर ‘ये कौन सा अक्षर?’ असा प्रश्न ठरलेला.

अशा वेळी अक्षर आधी, शब्द नंतर: ‘एस, सिएरावाला एस.’ सरळ ‘एस फॉर सूरत, क्यू फॉर क्वीन’ म्हणालात तरी काही बिघडत नाही. समोरच्याला जे कळतं ते बोला. यादी त्याच्यावर लादायची नसते. सेटवर मात्र उलट, तिथे ‘एस फॉर सिएरा’ नाही, नुसतं ‘सिएरा’. ‘फॉर’ हा आकडा ‘फोर’ म्हणून ऐकू जातो. ही गोष्ट वर्गात दर रविवारी सांगावी लागते.

१५. रक्तगट आणि औषधं सांगताना काय काळजी घ्यायची?

ए, एबी, बी, ओ ही अक्षरं एकमेकांत सहज मिसळतात. ‘ब्लडग्रुप अल्फा ब्राव्हो, पॉझिटिव्ह’ असं सांगा. अडचण निगेटिव्हची आहे, कारण रेडिओवर ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘नाही’. ‘ऑस्कर निगेटिव्ह’ ऐकून एखाद्याला ‘ओ नाही’ असं वाटू शकतं. म्हणून ‘आर-एच निगेटिव्ह’ असं पूर्ण म्हणा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. नुसत्या ‘रॉजर’वर समाधान मानू नका (प्रश्न १०).

औषधाचं नाव स्पेल करा, मात्रा एकेक आकड्याने सांगा, आणि दशांश असेल तर ‘पॉईंट’च्या आधी शून्य म्हणा: ‘झीरो पॉईंट फाईव्ह’. नुसतं ‘पॉईंट फाईव्ह’ म्हणाल आणि ‘पॉईंट’ तुटलं, तर दहापट डोस कागदावर उतरतो. विमानवाले पॉईंटऐवजी ‘डेसिमल’ म्हणतात.

१६. जगभर हीच यादी आहे ना? कुठे अपवाद?

विमानं, जहाजं आणि हॅम यांच्यासाठी हीच. तरी फाटे आहेत. इंडोनेशियन आणि मलय भाषांत ‘लीमा’ म्हणजे पाच, म्हणून तिकडे एलला ‘लंडन’ म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेत अटलांटाच्या विमानतळावर डेल्टा नावाच्या कंपनीचीच विमानं इतकी, की डी टॅक्सीवेला (विमानं धावपट्टीकडे नेण्याच्या वाटेला) पूर्वी वेगळा शब्द वापरत. अमेरिकन पोलिसांत ‘ॲडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड’ ही निराळीच यादी रुळलेली आहे. जर्मनीची स्वतःची फोनवरची यादी होती. १९३४ मध्ये नाझी राजवटीत तिच्यातून डेव्हिड, सॅम्युएल अशी ज्यू वाटणारी नावं काढली गेली. २०२२ मध्ये तिथे कार्यालयीन वापरासाठी माणसांच्या नावांऐवजी शहरांची नावं आली.

१७. ‘झुलू टाईम’ म्हणजे?

जागतिक प्रमाणवेळ. वेळेच्या पट्ट्यांना अक्षरं दिलेली आहेत आणि शून्य रेखांशाच्या पट्ट्याला झेड, म्हणून झुलू. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. संध्याकाळचे साडेसहा म्हणजे ‘वन थ्री झीरो झीरो झुलू’. हॅमच्या नोंदवहीत हीच वेळ लिहितात. साडेपाचातला तो अर्धा तास विसरल्यामुळे माझ्या पहिल्या वहीतली तीन पानं पुन्हा लिहावी लागली होती.

१८. नोव्हेंबर हा महिना की एन? इंडिया देश की आय?

संदर्भ बहुतेक वेळा सांगतो. सांगत नसेल तिथे ‘आय स्पेल’ हा दरवाजा आहे: त्याच्यानंतर येतं ते सगळं अक्षर, आधी येतं ते शब्द. तारीख सांगताना ‘तारीख’ हा शब्द आधी लावा, म्हणजे ‘नोव्हेंबर वन फाईव्ह’ हा फलाटाचा किंवा खोलीचा नंबर आहे की दिवाळीनंतरचा दिवस, हा प्रश्न उरत नाही. नावच ‘ऑस्कर’ किंवा ‘माईक’ असलेला माणूस भेटला तर त्याचं नाव सरळ घ्या आणि पुढे जा.

१९. घरी सेट नाही. सराव कसा करू? आणि सेट घेतला तर लायसन्स लागतं का?

दुसरा प्रश्न आधी: हॅमसाठी लागतं. दूरसंचार विभागाची परीक्षा असते आणि १२ वर्षं पूर्ण झालेल्यांना ती देता येते. पास झालात की व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीने सुरू होणारी कॉल साईन मिळते, म्हणजे आयुष्यभर स्वतःची ओळख ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ अशी. ऑनलाईन स्वस्तात मिळतोय म्हणून सेट आधी आणि परवाना मग, असं करू नका.

सरावाला सेट लागत नाही. पलासियाच्या सिग्नलला उभे असाल तेव्हा समोरच्या पाट्या वाचा. इंदूर म्हणजे ‘माईक पापा झीरो नाईनर’, ग्वाल्हेर ‘माईक पापा झीरो सेव्हन’, बडोद्याची गाडी दिसली तर ‘गोल्फ जुलिएट झीरो सिक्स’. आपल्या विमानतळाचा आयसीएओ कोड ‘व्हिक्टर अल्फा इंडिया डेल्टा’. आठवड्याभरात यादी तोंडात बसते. ऐकायचा सराव वेगळा करावा लागतो: घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीतून, मिक्सर चालू ठेवून, दहा नंबर वाचायला लावा आणि लिहून घ्या. महूहून आमच्याकडे लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब येतात, ते तर मुलांना पंख्याकडे तोंड करून बोलायला लावतात.

२०. मध्येच चुकलं तर? आणि समोरच्याने चुकीचा शब्द वापरला तर टोकायचं का?

स्वतःचं चुकलं तर ‘करेक्शन’ म्हणा, शेवटच्या बरोबर अक्षरापासून पुन्हा सुरू करा. ‘सॉरी सॉरी, नाही नाही’ यात फक्त वेळ जातो. पुन्हा ऐकायचं असेल तर ‘से अगेन’. ‘रिपीट’ टाळा, तोफखान्यात त्याचा अर्थ पुन्हा गोळे डागा असा आहे. तुकडाच हवा असेल तर ‘से अगेन ऑल आफ्टर डेल्टा’, म्हणजे पूर्ण नंबर परत ऐकावा लागत नाही.

समोरच्याला हवेत टोकू नका. त्याने ‘दिल्ली, पटना, झेब्रा’ म्हटलं आणि तुम्हाला कळलं, तर परत म्हणताना ‘डेल्टा, पापा, झुलू’ म्हणा. खात्री त्यालाही मिळते आणि शब्दही कानावर पडतो. गेल्या गेरला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीला, टोरी कॉर्नरवरचा एक नवा मुलगा सकाळभर झेब्रा म्हणत होता, मी प्रत्येक वेळी झुलू परत देत होतो. दुपारी बारापर्यंत तो गुलालाने ओळखू येत नव्हता, पण सेटवर झुलू म्हणायला लागला होता.